जर्मलच्या अकरा गाड्या

मुकुंदा,

हृदय बंद पडून तू गेल्याला आज सोळा दिवस झाले आणि तुझा फोटो आमच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये लागलाय. चांगी बिझनेस पार्कमधल्या त्या थंडगार लिफ्टमध्ये एरवी योगवर्गाच्या नाहीतर रक्तदानाच्या जाहिराती असतात. तिथे आता तू. शेजारी नवी कोरी ॲल्युमिनियमची पिकअप. खाली इंग्रजीत लिहिलंय, आपल्या ताफ्याला हलक्या गाड्यांच्या युगात नेणारा आपला लाडका सहकारी, त्याचं स्वप्न आपण पुढे नेऊ. ‘स्वप्न’ या शब्दाशी पोचलो आणि मला शिसारी आली. चौथ्या मजल्यावर उतरायचं होतं, मी सातव्यावर जाऊन परत खाली आलो. दोन्ही वेळा तू हसत होतास.

तुझं स्वप्न म्हणे! तू त्या गाड्यांना कधी सरळ नावाने हाक मारली नाहीस. आपल्या लहानपणी ॲल्युमिनियमच्या पातेल्यांना जर्मलची पातेली म्हणायचे, म्हणून तुझ्यासाठी त्या जर्मलच्या गाड्या. “पुणेकर, आज तुझी अजून एक जर्मलची आली बघ,” असा तुझा फोन वुडलँड्सच्या यार्डातून यायचा, की मी समजायचो, आता अर्धा तास गेला.

शुक्रवारी वीस नव्या पिकअप ताफ्यात येणार आहेत. नारळ नाही, पण फीत आहे, केक आहे, आणि दोन मिनिटं तुझ्यासाठी आहेत. ती दोन मिनिटं मी बोलायची आहेत. डायरेक्टरांनी मला बोलावून खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, “यू वर हिज क्लोजेस्ट फ्रेंड. कीप इट पॉझिटिव्ह.” मजकूर सोमवारपर्यंत त्यांना पाठवायचा. आज रविवार. जेवण झाल्यापासून मी लॅपटॉप उघडून बसलोय आणि एक ओळ पुढे सरकलेली नाही. इंग्रजीत तुझ्याविषयी खोटं लिहायला बसलं की ते फार सफाईने लिहिलं जातं, ते वाचून मला माझीच किळस येते. म्हणून ते बाजूला ठेवून तुलाच मराठीत लिहितोय.

आपली ओळख इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत झाली ते तुला आठवत असेल. मी प्रसादाच्या रांगेत, तू मखराच्या मागे पान्ना घेऊन आडवा. मखराचा एक पाय हलत होता आणि सगळी समिती त्यावर चर्चा करत होती. तू बाहेर आलास, हात पुसलेस आणि मला म्हणालास, “पुण्याचे का? मग तुम्ही सूचना द्या, मी काम करतो.” पहिल्याच भेटीत असा टोमणा. मला राग यायला हवा होता, पण तुझ्या शर्टाला लागलेला तो ऑइलचा डाग बघून मी हसलो. निघताना कळलं, आपण दोघंही बुकित पंजांगला, दोन ब्लॉकच्या अंतरावर राहतो.

तू बोटीवरचा. देवगडचा पोरगा, वीस वर्षं इंजिनरूममध्ये काढून किनाऱ्याला लागलेला. नीलावहिनींनी निर्वाणीचं सांगितलं होतं, रेवा दहावीला जायच्या आत बाप घरात दिसला पाहिजे. त्याच सुमाराला आमच्या कंपनीला यार्डासाठी तपासनीस हवा होता. झाडं छाटणं, गटारं साफ करणं, रस्त्याकडेचं गवत कापणं ही कंपनीची कामं, आणि त्या कामांवर माणसं आणि यंत्रं घेऊन जाणाऱ्या पिकअपचा हा मोठा ताफा. मी ताफ्याचं सॉफ्टवेअर बघणारा. कुठली गाडी कुठे आहे, कोण चालवतंय, कुठली दुरुस्तीला उभी आहे, हे माझ्या पडद्यावर दिसतं. तुझं नाव मीच सुचवलं होतं. आज वाटतं, नसतं सुचवलं तर तू आणखी चार वर्षं कुठल्यातरी बोटीवर निवांत शिव्या घालत जगला असतास. वहिनींना हे सांगायची माझी हिंमत नाही.

मग ॲल्युमिनियम आलं. गाडीच्या मागच्या लोखंडी हौद्यापेक्षा हे हौदे कितीतरी हलके, म्हणजे तेवढाच माल जास्त, डिझेल कमी, गंज नाही. मी स्वतः त्याचं सादरीकरण केलं होतं. एका स्लाइडवर हिरवं पान होतं. तू यार्डातून पहिल्यांदाच ऑफिसात आला होतास, सेफ्टी शूजचे ठसे गालिच्यावर उमटवत. सगळं ऐकून तू एवढंच विचारलंस, “खालचा सांगाडा लोखंडीच राहणार ना?” मी म्हटलं, हो. तू मान हलवलीस आणि बिस्किट खाल्लंस. मला वाटलं, विषय संपला.

पहिली जर्मलची गाडी आली आणि तूच तिची वाट लावलीस. हे मी आज कबूल करतो, की ती गोष्ट मी दहा जणांना तिखटमीठ लावून सांगितली आहे. बोटीवर इंजिनरूमच्या लोखंडी पाट्या कॉस्टिक सोड्याने धुवायची तुझी वीस वर्षांची सवय. हौद्यात चेनसॉचं ऑइल सांडलेलं दिसलं, तू सवयीने बादलीत सोडा कालवलास आणि ओतलास. लोखंडाला काही होत नाही. ॲल्युमिनियम फसफसून उठलं, गरम झालं, वाफ निघाली आणि पाच मिनिटांत नवा कोरा हौदा तव्यासारखा काळा झाला. तू मला फोन केलास. “पुणेकर, मी गाढव आहे,” तू म्हणालास, “ही बया लोखंड नव्हे, हे डोक्याला ठाऊक होतं, हाताला नव्हतं.” मी पोट धरून हसलो, पण ती गाडी गुपचूप ‘रंगकामासाठी’ म्हणून पडद्यावरून आठ दिवस गायब केली आणि वरच्यांना पत्ता लागू दिला नाही. तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला होता. मैत्री निभावली म्हणून.

त्यानंतर तू अभ्यासाला बसलास. चाळिशी पार केलेला माणूस, रेवाच्या शेजारी डायनिंग टेबलावर, ती तिच्या परीक्षेचं वाचतेय आणि तू धातूंचं. वहिनी सांगत होत्या, तू तिच्या रंगीत पेनांनी रेघा मारायचास आणि ती ओरडायची. महिन्याभरात तुला जे कळलं ते आमच्या अख्ख्या इमारतीत कोणाला कळलेलं नव्हतं, आणि कळून घ्यायचंही नव्हतं.

आणि तुझा तो बाप्पा! मंडळाने वाटलेला फ्रिजवर लावायचा चुंबकाचा गणपती. जुन्या पत्र्याच्या गाड्यांना रंगाखाली पुट्टी भरलीय का, हे बघायला गॅरेजवाले चुंबक फिरवतात, तसा तू तो फिरवायचास. चिकटला तर पत्रा, घसरला तर पुट्टी. वहिनींनी किती वेळा सुनावलं, “अहो, देव आहे तो, त्याला चिखलाच्या गाड्यांवर काय घासता?” तू म्हणायचास, “अगं, विघ्न शोधायचंच तर काम आहे त्याचं.” जर्मलच्या गाडीवर बाप्पा अर्थातच चिकटेना. सोडला की टपकन खाली. लिफ्टमधल्या त्या फोटोत तू जो हसतोयस ना, तो त्या क्षणाचा आहे. फोटोग्राफरसाठी तू बाप्पा फाळक्यावर, हौद्याच्या मागच्या झडपेवर, लावायचं नाटक केलंस, तो पडला आणि तू हसलास. पडलेला बाप्पा त्यांनी फोटोतून कापलाय. हसू ठेवलंय.

खरा वाद सुरू झाला तो वर्षभराने. एका शनिवारी हॉकर सेंटरमध्ये खायला बसलो होतो, तेव्हा तू माझ्यासमोर हिंगाची रिकामी डबी ठेवलीस. माझा कोपीचा कप अजून निम्मा व्हायचा होता. डबीत पांढरी भुकटी. “ओळख,” म्हणालास. मी म्हटलं, रांगोळी. “तुझी पिकअप आहे ती. मागच्या फाळक्याच्या बिजागरीपाशी बोटाने खरवडली आणि एवढी निघाली.”

मग तू मला समजावलंस, आणि असं समजावलंस की ते मला आजही पाठ आहे. लोखंडी बोल्ट, ॲल्युमिनियमचा फाळका, आणि मधे इथली खारट दमट हवा. यार्डाच्या पाठीलाच समुद्र. दोन धातू एकमेकांना भिडले आणि ओल मिळाली की त्यातला एक झिजतो, आणि इथे झिजतं ॲल्युमिनियम. बाहेरून रंग शाबूत, आत भोकाभोवती भुगा. “ॲल्युमिनियम वाईट नाही रे,” तू म्हणालास, “बोटींवर असतं की. पण तिथे दोघांच्या मधे काहीतरी घालतात. पितळेच्या पातेल्यात आंबट शिजवायचं तर आधी कल्हई लावतात ना, तसं. इथे फक्त बोल्टाखाली रबर हवं आणि नायलॉनचा वायसर. हाताच्या पंजाएवढं काम आहे. आणि लोखंडाला वापरलेला ग्राइंडर ह्याला लावू नका म्हणावं, त्याचे कण आत रुततात.” हौदे बांधून देणारा कंत्राटदार घाईत होता. त्याने मधे काहीच घातलं नव्हतं.

मी काय म्हणालो? मी म्हणालो, “कंत्राटदाराने प्रमाणपत्र दिलंय.” तू डबी बंद केलीस. “प्रमाणपत्रावर माणसं बसत नाहीत, पुणेकर. फाळक्याला टेकून बसतात.” मग आपण पराठ्यावरून भांडलो, कोणाचा किती खरपूस, आणि घरी आलो.

मला एक गोष्ट मधेच सांगायची आहे, नाहीतर ती राहील. माझे बाबा गेले तेव्हा मला विमान मिळालं नाही. पुण्याला भाऊ फोन धरून उभा होता आणि मी इथे सोफ्यावर बसून बापाला अग्नी दिलेला फोनवर बघत होतो. तू माझ्या शेजारी बसलास. एक शब्द बोलला नाहीस, आणि तुझ्यासारख्या वटवट्याने न बोलणं म्हणजे काय, ते मलाच ठाऊक. सगळं संपल्यावर तू उठलास आणि पिठलं केलंस. त्यात सुपारीएवढ्या गुठळ्या होत्या. मी रडत रडत त्या फोडत होतो आणि तू म्हणालास, “बोटीवर असंच मिळतं.” त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. आपल्यात तसं बोलायची पद्धत नव्हती, म्हणून आज मानतो.

आता त्या मीटिंगचं. चार महिन्यांपूर्वीची. तू रीतसर वेळ मागून घेतली होतीस. इस्त्रीचा शर्ट घालून आलास आणि वर्तमानपत्रात गुंडाळून एक काढलेली बिजागरी आणलीस. काचेच्या टेबलावर ती ठेवलीस, अंगठ्याने दाबलीस आणि फाळक्याचा तुकडा बिस्किटासारखा मोडला. डायरेक्टर पुढे झुकले. माझ्या मते तो एकच क्षण असा होता की त्यांनी तुझं ऐकलं असतं. तू म्हणालास, अकरा गाड्यांत हे आहे, बोल्ट बदलेपर्यंत त्यांत माणसं बसवू नका.

आणि मी बोललो. कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, “आमच्या मुकुंदचं आणि ॲल्युमिनियमचं पहिल्यापासून वाकडं आहे. पहिल्या गाडीला ह्यानेच कॉस्टिकने आंघोळ घातली होती!” आणि मग मी सगळी गोष्ट सांगितली, फसफस, वाफ, काळा तवा. मी गोष्ट चांगली सांगतो, तुला माहीत आहे. सगळे हसले. डायरेक्टर डोळे पुसायला लागले. कोणीतरी म्हणालं, “सो हू डॅमेज्ड इट, मॅन?” आणि पुन्हा हशा. तूही हसलास, थोडा. मग बिजागरी वर्तमानपत्रात गुंडाळलीस, टेबलावर पडलेला भुगा हाताच्या कडेने गोळा केलास, कारण घाण करून जायची तुला सवय नाही, आणि गेलास. मीटिंगच्या नोंदीत लिहिलं गेलं, ‘लक्ष ठेवावे’. नोंद मी लिहिली होती.

तीन आठवड्यांनी सेल्वम पडला. झाडं छाटणाऱ्या टोळीतला, तमिळनाडूचा, तुला ‘मुकुंद सार’ म्हणणारा. नशीब म्हणायचं की गाडी यार्डातच उभी होती. तो हौद्यात चढून फाळक्याला टेकला, बिजागरी सुटली आणि तो फाळक्यासकट खाली काँक्रीटवर. डावं मनगट मोडलं. हीच गाडी एक्स्प्रेसवेवर असती तर काय झालं असतं, ते तू मला सांगितलं नाहीस. सांगायची गरज नव्हती. अहवाल मी टाइप केला. ‘कामगार अयोग्य पद्धतीने टेकला होता.’ हे वाक्य माझं नाही, वरून आलेलं आहे, पण बोटं माझी होती. टाइप करताना मी स्वल्पविराम नीट आहे का ते तपासलं, आणि ह्या गोष्टीची मला इतकी घाण वाटते की ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

त्यानंतर तू माझ्याशी भांडणं सोडून दिलंस. सगळं नेहमीसारखंच होतं. शनिवारची कोपी, पराठा, रेवाच्या कॉलेजच्या गप्पा. फक्त गाड्यांचा विषय निघाला की तू म्हणायचास, “जाऊ दे.” मला बरं वाटायचं. सुटलो, असं वाटायचं. भांडणारा मित्र गप्प झाला की काहीतरी मेलेलं असतं, हे मला कळायला हवं होतं. पन्नाशीला आलोय मी, एवढं तर कळायला हवं होतं.

मंदाईच्या स्मशानात आमच्या कंपनीचं भलं मोठं फुलांचं चक्र आलं होतं. डायरेक्टर स्वतः आले, काळा शर्ट घालून. वहिनींसमोर मान झुकवून म्हणाले, मुकुंदचं त्या गाड्यांवर फार प्रेम होतं. वहिनींनी नमस्कार केला. मी शेजारी उभा होतो. मी पण मान हलवली. काय करणार, असं स्वतःला म्हणालो. मी हे ‘काय करणार’ इतक्या वेळा म्हणालोय की आता ते तोंडातून आपोआप येतं.

काल तुझ्या घरी गेलो होतो. दारात चपला काढतानाच रेवाने मला धरलं. तिने तो लिफ्टमधला फोटो कुठूनतरी बघितला होता. “अंकल, बाबा हेटेड दॅट थिंग, यू नो, राइट? व्हाय दे ॲन्यहाउ सेइंग लाइक दॅट?” मी म्हटलं, कंपन्या असंच लिहितात ग. ती म्हणाली, “देन यू टेल देम, लाह. यू वर्क देअर, वॉट.” आणि आत निघून गेली. तुझी मुलगी आहे. मराठीत कमी, ‘लाह’ लावलेल्या इथल्या इंग्रजीतच जास्त बोलते, पण तोंड तुझंच.

वहिनी स्वयंपाकघरात होत्या. चहा ठेवता ठेवता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “भाऊजी, तो माणूस म्हणाला ते खरं होतं का हो? ह्यांना आवडायच्या त्या गाड्या?”

मी म्हटलं, “नाही वहिनी.”

“मग तुम्ही मान कशाला हलवलीत?”

आवाज चढला नव्हता. साखर किती, असं विचारावं तसं विचारलं त्यांनी. मग त्यांनी फ्रिजच्या वरून तुझी वही काढून दिली आणि म्हणाल्या, “ह्यात यार्डाचं काहीतरी आहे. मला समजत नाही. तुमचंही नाव आहे ठिकठिकाणी.” वहीवर हिंगाची डबी ठेवलेली होती. फ्रिजच्या दारावर बाप्पा होता, सोंडेचा रंग उडालेला.

वही मी एलआरटीत, आपल्या वसाहतीतल्या छोट्या रेल्वेत, उघडली. वास्तविक चालत दोन मिनिटांचं घर, पण मला बसायचं होतं, म्हणून मी एलआरटीचा अख्खा फेरा मारला. पहिल्या पानावर तुझ्या त्या ठाशीव अक्षरात: ‘पहिली गाडी. कॉस्टिकने मी खराब केली. चूक माझी. पुणेकराने सांभाळून घेतलं, विसरू नये.’ पुढे पानंच्या पानं, गाडीचा नंबर, कुठला बोल्ट, किती भुगा. मग अकरा नंबरांची यादी, खाली दोन रेघा, ‘माणसं बसवू नयेत.’ सेल्वमच्या दिवशीची नोंद फक्त दोन शब्दांची: ‘डावं मनगट.’

आणि मीटिंगच्या दिवशीची. ‘पुणेकर बोलला. सगळे हसले. त्याचा पास पुढच्या महिन्यात रिन्यूला आहे, मुलगा शाळेत आहे. त्याला दोष देऊ नये.’

मुकुंदा, ह्यापेक्षा तू मला आईवरून शिवी लिहिली असतीस तरी चाललं असतं. माझ्या एम्प्लॉयमेंट पासची, इथे राहून काम करायच्या परवान्याची, तारीख तुझ्या लक्षात होती. तू माझ्यासाठी कारण शोधून काढलंस, चांगलं, समजण्यासारखं, संसारी माणसाचं कारण. आता खरं ऐक. त्या क्षणी माझ्या डोक्यात पास नव्हता. मुलगा नव्हता. भीतीसुद्धा नव्हती. गोष्ट चांगली होती आणि मला हशा हवा होता, बस. काचेच्या खोलीत एवढी मोठी माणसं गंभीर होऊन तुझ्याकडे बघत होती आणि मला वाटलं, आता माझ्याकडे बघावं. इतकं क्षुद्र कारण होतं ते. तुझं माफीपत्र मी ज्या गुन्ह्यासाठी घेऊ शकतो तो गुन्हा मी केलेलाच नाही, मी त्याहून हलक्या दर्जाचा केलाय. ते मला समोरासमोर सांगता आलं असतं. पुढे पंधरा शनिवार मिळाले होते.

हे लिहून मी उठलो, पाणी प्यायलो, आणि मग एक गोष्ट लक्षात आली. खरं म्हणजे ती पहिल्या दिवसापासून माहीत होती, फक्त तिच्याकडे बघितलं नव्हतं. गाडी रस्त्यावरून काढायला डायरेक्टरांची सही लागत नाही. मीटिंग लागत नाही. माझ्या पडद्यावर प्रत्येक गाडीपुढे एक बटण आहे, ‘वापरातून बाहेर’. ते दाबलं की सकाळी त्या गाडीची किल्ली कपाटातून निघत नाही आणि त्या टोळीला आपोआप बस नेमली जाते. हे बटण मीच बनवलंय. तुझी काळी झालेली गाडी मी ह्याच बटणाने लपवली होती. तुझी चूक झाकायला ते मला दोन मिनिटांत सुचलं, आणि तू अकरा गाड्यांचे नंबर तोंडाने सांगितलेस तेव्हा सुचलं नाही. सेल्वम पडायच्या आधी तीन आठवडे हे बटण माझ्या बोटाखाली होतं.

तर आत्ता, ऊन खिडकीत असताना, तुझी वही डाव्या हाताला ठेवून मी एकेक नंबर काढला. अकरा. दुसऱ्यांदा वहीशी ताडून बघितले, कारण तू तसंच केलं असतंस. बटणाबरोबर एक रकाना भरावा लागतो, कारण. रिकामा ठेवला तर पुढे जात नाही. आणि एकदा लिहिलं की माझ्या नावासकट कायमचं राहतं, मलाही पुसता येत नाही. उद्या कोणाला त्या गाड्या परत चालू करायच्या असतील तर त्यालाही कारण लिहावं लागेल आणि खाली स्वतःचं नाव. बघू कोण लिहितं.

सोमवारी डायरेक्टरांना भाषणाचा मजकूर म्हणून तुझ्या वहीच्या पानांचे फोटो जातील, कॉस्टिकच्या पानासकट, माझ्या पानासकट. मीटिंगची नोंद कोणी लिहिली, सेल्वमचा अहवाल कोणी टाइप केला, ते मेलमध्ये सगळ्यात वर लिहिलंय. शुक्रवारी मला दोन मिनिटं मिळतील असं वाटत नाही. पासाचं काय व्हायचं ते होईल. बायकोला सांगितलंय. ती म्हणाली, “आधी का नाही केलंस?” वहिनींनी विचारलं होतं तसंच, आवाज न चढवता.

रकान्यात मी आधी बरंच काही लिहून पाहिलं. गंज, बिजागऱ्या, दोन धातू, रबर. ऑफिसच्या भाषेत ते सगळं नीट बसत होतं, आणि नीट बसत होतं म्हणूनच मी ते खोडलं. मग अकराही गाड्यांपुढे एकच ओळ लिहिली आणि बटण दाबलं.

कारण: मुकुंदने चार महिन्यांपूर्वी सांगितलं होतं. मी हसलो होतो.